ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही

नांदेड,
रविवार

चि. सोन्यास,


परवा लातूर डेपोचा एक जुना कंडक्टर इथल्या बसस्थानकावर भेटला. त्याचं नाव लिहीत नाही, तू उगाच त्याच्यावर राग धरशील. चहा झाला, पेन्शनीचं रडगाणं झालं आणि उठता उठता तो म्हणाला, "भाऊ, तुमचा भाचा रात्री बायपासला पोरांसंगं गाडी पळवतो म्हणं. पैजा लावतेत." मी हसून म्हणालो, तो नसेल, काळ्या गाड्या लातुरात काय कमी आहेत? घरी आलो, तर ताटावर बसवेना.

ताईला मी काही बोललो नाही. दाजींना तर नाहीच, त्यांचं बीपी तुला माहीत आहे. म्हणून तुलाच विचारतो. रात्री तू बायपासला जातोस का? हो किंवा नाही, एवढंच सांग.

तुला ट्यूशन एरियात खोली करून दिली ती बारावी नीट व्हावी म्हणून. दाजींनी सोयाबीनच्या पैशातून आधी फी भरली, मग दुकानाची उधारी मिटवली. ते पैसे गाडीच्या टायरमध्ये आणि सायलेन्सरमध्ये जात असतील तर तो बापाच्या घामाचा धूर आहे. आणि हेल्मेट? मागच्या दिवाळीला मी घेऊन दिलेलं हेल्मेट तू खोलीत खिळ्याला अडकवलेलं ताईनं पाहिलंय. ते खिळ्यासाठी नव्हतं घेतलं. आपला अण्णा गेला, त्याची गाडी आजी अजून विकू देत नाही, गोठ्यात पोत्याखाली ठेवलीय. का, ते तुला कोणी सांगायची गरज नाही.

मी नांदेड–लातूर मार्गावर एसटी चालवण्यात जन्म काढला. लोहा, अहमदपूर, चाकूर, कुठं उतार आहे, कुठं कुत्री आडवी येतात, झोपेत सांगेन. रस्ता चौपदरी झाला म्हणून तुम्हाला वाटतं, आता मोकळं रान. पण ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या लावून माणसं रात्रभर कारखान्याची वाट धरतात. मागं लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला असतो आणि फेरा वाचवायला कित्येक जण उलट्या बाजूनं येतात. आता हिशोब कर, तुझं फिजिक्स पक्कं आहे. ताशी १२० किलोमीटरच्या वेगाला गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. डिपरचा उजेड पडतो चाळीस-पन्नास मीटर. दिसलं, डोक्यात शिरलं आणि हात ब्रेकवर गेला, यातच एक सेकंद संपतो. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेकला जागा चौपट लागते. ट्रॉली दिसते तेव्हा करण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

तू म्हणशील, मामाला रेसिंगमधलं काय कळतं. गेल्या उन्हाळ्यात तूच मला मोबाईलवर तो मुंबईचा जेहान दारूवाला दाखवलास. तेव्हापासून मी ते बघतोय, रिटायर माणसाला दुसरं काम काय? ६ डिसेंबर २०२० ला बहरीनमध्ये त्यानं फॉर्म्युला-२ ची शर्यत जिंकली. असं करणारा तो पहिला भारतीय. ती तू मला तीनदा दाखवलीस. पण त्याच मैदानावर, अगदी आठवडाभर आधी, २९ नोव्हेंबरला काय झालं ते नाही दाखवलंस. ते मी माझं शोधून पाहिलं. ग्रोजाँ नावाच्या फ्रेंच ड्रायव्हरची फॉर्म्युला-१ ची गाडी कठड्यावर आदळली, दोन तुकडे झाले आणि पेटली. माणूस सुमारे अर्धा मिनिट जाळात होता. तरी आपल्या पायांनी बाहेर आला, हात भाजले तेवढेच. का वाचला? डोक्यावर हेलोची कमान होती, अंगात आग न धरणारे कपडे होते आणि पहिल्या फेरीत डॉक्टरची गाडी शर्यतीच्या मागोमागच धावत होती. ती काही क्षणांत तिथं पोचली.

तुमच्या बायपासला मागून कोण येतं रे? पडलेल्याला टाकून पळणारी पोरं. वेगात आणि वेडेपणात काय फरक आहे ते त्या आठवड्यावरून मला कळलं. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेनं जातात, पुढं काही झालं तर पिवळा झेंडा हलतो, समोरून कोणी येत नाही. आणि तरीही माणसं जातात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर तेरा वर्षांचा एक गुणी मोटारसायकलस्वार गेला. लायसन्स होतं, सूट होता, ॲम्ब्युलन्स होती. एवढं सगळं असून ही गत. तुझ्याकडं काय आहे? खिळ्याला टांगलेलं हेल्मेट.

पैशाचंही बोलतो, कारण घरात कोणी बोलणार नाही. तू आईला म्हणालास म्हणे, इंग्लंडला गेलं की होतं. दारूवालानं लहानपणी मुंबईत कार्टिंगनं सुरुवात केली. २०११ मध्ये फोर्स इंडियानं देशभर धुंडाळून तीन पोरं निवडली, त्यात तो होता. २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये लहान गटाचं कार्टिंगचं विजेतेपद त्यानं घेतलं, तेव्हा पंधराही पूर्ण नव्हता. २०१७ ला न्यूझीलंडची ग्रां प्री जिंकली. २०१९ ला फॉर्म्युला-३ मध्ये जगात तिसरा. मग फॉर्म्युला-२ चे चार मोसम, २०२२ मध्ये मॉन्झाची मुख्य शर्यत, मॅकलारेनच्या फॉर्म्युला-१ गाडीत चाचणी. वडील उद्योगपती, रेड बुलसारख्यांनी कधीकाळी पाठीवर हात ठेवलेला. तरी फॉर्म्युला-१ च्या तेव्हाच्या वीस जागांत त्याला जागा मिळाली नाही. तो विजेवरच्या गाड्यांच्या फॉर्म्युला-ई कडं वळला, तिथं मासेराटीकडून धावला. मी त्याला हिणवत नाही. त्यानं जे केलं ते शंभर कोटींहून मोठ्या देशात बोटावर मोजण्याइतक्यांनी केलंय. पण दार किती अरुंद आहे ते बघ.

आपल्या कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला-३ पर्यंत गेला, तर मागं खासदाराचं घर होतं. कोइंबतूरचा नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला-१ मध्ये उतरलेला पहिला भारतीय. त्याचे वडील स्वतः रॅलीचे चॅम्पियन आणि तो पंधराव्या वर्षी फ्रान्सच्या रेसिंग स्कूलला गेलेला. त्याच २००५ मध्ये अमेरिकेतल्या शर्यतीत तो चौथा आला, त्या दिवशी टायरच्या भानगडीमुळं सहाच गाड्या धावल्या होत्या. बाकीच्या बाहेर उभ्या राहिल्या म्हणून त्याचं चौथेपण खोटं होत नाही. पण एवढ्या कसलेल्या माणसालाही पुढची वाट अशी योगायोगानं मिळते. तू अठराचा झालास. चार चाकांच्या त्या शिडीची खालची पायरी तुझ्यासाठी मागं राहिली आहे. आपलं चार एकर विकूनही ती परत येणार नाही. हे तुला कोणीतरी तोंडावर सांगायला हवं होतं, म्हणून मी सांगितलं.

वाईट वाटलं असेल. मलाही लिहिताना वाटलं.

कारण तुझ्या अंगात हे कुठून आलं ते मला ठाऊक आहे. ताईनं तुला सांगितलं नसेल, तिलाही नीट माहीत नाही. एसटीत लागण्याआधी मी पुण्यात एका गॅरेजला कामाला होतो. मालकाला मोटोक्रॉसचा नाद. आठवडाभर गिऱ्हाइकांच्या गाड्या, शनिवारी रात्री येझदीचं इंजिन उघडायचं, रविवारी मातीच्या ट्रॅकवर न्यायचं. एकदा त्यांचा पोरगा आजारी होता, तर त्यांनी सरावाला मला बसवलं. उडीवरून गाडी सुटली आणि चाकं जमिनीला लागेपर्यंत मी कोणाचाच नव्हतो, ना बापाचा, ना गावाचा. मालक म्हणाले, पुढच्या शर्यतीला नाव देऊ का, घरी विचार. त्याच महिन्यात गावाकडून भरतीचं पत्र आलं. मी घरी विचारलंच नाही. बाप नाही म्हणाला असता तर एक वेळ त्याच्यावर राग तरी धरता आला असता. नोकरीनं घर उभं केलं, ताईचं लग्न केलं, पंचवीस वर्षं विनाअपघात म्हणून महामंडळानं सत्कार केला. त्या दिवशी तू माझ्या मांडीवर बसून बिल्ला चावत होतास. कशाचीच तक्रार नाही. फक्त घाटात गाडी वळवताना कधी कधी ती उडी आठवायची.

म्हणून मी तुला 'सोडून दे' म्हणणार नाही. रात्रीचा बायपास सोड, एवढंच म्हणतो. पुण्याच्या संजय टकलेंचं नाव ऐकलंयस का? त्यांनीही दुचाकीच्या मोटोक्रॉसपासून सुरुवात केली, मग रॅलीत गेले, परदेशात धावले आणि २०२५ च्या जानेवारीत, पन्नाशी कधीच ओलांडलेली असताना, सौदीच्या वाळवंटातली डकार क्लासिक रॅली पूर्ण केली. तिथं रस्ता वाचता येणं, मशीन सांभाळणं आणि शेवटपर्यंत पोचणं यालाही मान आहे. ते आपल्या घरात आहे, सोन्या.

दोन चाकांची वाट अजून तुझ्यासाठी बंद झालेली नाही. कंपन्या नव्या पोरांची निवड करतात, गाडी त्यांची असते. चेन्नईजवळचा ट्रॅक आहे, कोइंबतूरला कारी स्पीडवे आहे. एफएमएससीआय या मोटारस्पोर्टच्या संघटनेचं लायसन्स काढावं लागतं, ट्रेनिंग घ्यावं लागतं. परीक्षा झाली की मे महिन्यात आपण दोघं रेल्वेनं जाऊ. फीचं मी बघतो, पीएफमधले थोडे ठेवलेत. दाजींना मी समजावीन. निवड झाली तर झाली. नाही झाली, तर घड्याळ लावून एकदा स्वतःला मोजलंस, हे तरी तुझ्यापाशी राहील. माझ्यापाशी तेवढंही नाही.

तोवर रात्री नऊनंतर गाडी काढायची नाही. पोरं भित्रा म्हणतील, म्हणू देत. आणि कंडक्टरनं पाहिलेला तू असशील तरी मला सांग, मी ओरडणार नाही. ओरडायचं ते या पत्रात ओरडून झालं.

येत्या शनिवारी एसटीनं ये. मामीनं तुझ्यासाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी करायचं ठरवलंय, दह्याचं सांगून ठेवलंय. पुढच्या खेपेला गाडी घेऊन ये, दिवसाढवळ्या ये, मी तिचा ब्रेक बघून देईन. मागचा लायनर गेलाय, दिवाळीतच आवाजावरून कळलं होतं, बोलायचं राहून गेलं.

तुझा,
मामा

ता. क. पोचल्याचा फोन ताईला कर, मला नको केलास तरी चालेल. पण केलास तर मी जागा असेन.