डोळे हलतात, मग जगही हलतं का?

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या भाच्याचे डोळे तान्हेपणापासून सारखे डावी-उजवीकडे हलतात. टीव्ही बघताना तो मान वळवून बसतो. त्याला सगळं हलतानाच दिसत असेल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : बहुधा नाही. डोळ्यांच्या या आपोआप होणाऱ्या हालचालीला निस्टॅग्मस म्हणतात. ती जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सुरू झाली, तर मेंदू तिच्यासकटच बघायला शिकतो आणि जग स्थिर दिसतं. मोठेपणी उद्भवली, तर मात्र भिंती आणि अक्षरं खरोखर हलताना दिसतात; माणूस हैराण होतो.

पण स्थिर दिसलं म्हणजे स्पष्ट दिसलं, असं नाही. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी फोविया नावाचा जेमतेम दीड मिलिमीटरचा भाग असतो. बारीक अक्षर वाचायचं ते त्याच्याच भरवशावर. भाच्याच्या डोळ्यात प्रतिमा तिथे क्षणभर टिकते आणि घसरते. म्हणून अक्षर ओळखायला त्याला वेळ लागतो. शिवाय पुष्कळ मुलांत मुळात दृष्टीचाच दोष असतो : जन्मजात मोतीबिंदू, अल्बिनिझम, पडद्याचा किंवा नेत्रनाडीचा विकार. काहींत तसं काहीच सापडत नाही.

आता मानेचं. अशा अनेक मुलांच्या नजरेची एक दिशा अशी असते, की तिकडे बघताना डोळे सर्वांत कमी हलतात. ती कुणी शिकवत नाही, मुलाला आपसूक सापडते. मान वळवून तो नजर त्या कोनात नेतो. तेव्हा ‘सरळ बस’ म्हणून दटावू नका. मान सरळ केली की त्याला कमी दिसतं. मान फारच वळत असेल, तर डोळ्यांचे स्नायू सरकवण्याची शस्त्रक्रिया १९५३पासून माहीत आहे. तिने मान सुधारते, निस्टॅग्मस जात नाही. पुस्तक नाकाशी धरत असेल तरी धरू द्या. जवळ बघताना डोळे आत वळतात आणि बऱ्याच मुलांत हालचाल मंदावते.

एक डोळा हाताने झाकून तपासलं की काही मुलांत हालचाल उलट वाढते. म्हणून दोन्ही डोळे उघडे ठेवूनही नजर तपासायला सांगा. चष्मा लागला असेल तर तो हवाच. वर्गात त्याची मान ज्या बाजूला वळते ते बाईंना सांगून, फळा सोयीचा पडेल असा बाक मागून घ्या.

आणि इतर वाचकांसाठी : ज्याची नजर चांगली आहे अशा मुलाचे डोळे अचानक हलू लागले, सोबत डोकेदुखी, उलट्या किंवा तोल जाणं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.