नेम, कोन आणि माउस

संगणकावरील नेमबाजीच्या खेळात माउस सरकवला की पडद्यावरचे दृश्य वळते. हात किती सरकला म्हणजे दृश्य किती वळावे, हे प्रमाण खेळणाऱ्याला ठरवता येते. त्यालाच माउसची संवेदनशीलता म्हणतात. पुष्कळ मुले एखाद्या नामवंत खेळाडूचा आकडा जसाच्या तसा उचलतात आणि नेम चुकू लागला की दुसरा आकडा शोधतात. वास्तविक हा गुणोत्तराचा प्रश्न आहे. त्याला शाळेतले गणित पुरते.

प्रथम कोन पाहू. कान्हे स्थानकाच्या फलाटावर उभे राहून ५७ मीटर दूरची १ मीटर रुंदीची वस्तू पाहिली, तर ती डोळ्याशी सुमारे १ अंशाचा कोन करते. अर्धा मीटर रुंदीची वस्तू २८.५ मीटरवर असली तरी कोन तेवढाच. नेमबाजीत लक्ष्याची लांबीरुंदी नव्हे, हा कोन महत्त्वाचा असतो.

आता माउस. त्याच्या तळाशी दिवा व प्रकाशसंवेदक असतो. तो खालच्या पृष्ठभागाची चित्रे झरझर घेऊन त्यांची तुलना करतो आणि हालचाल बारीक टप्प्यांत मोजतो. १ इंचात पडणाऱ्या टप्प्यांच्या संख्येला डीपीआय म्हणतात. 'काउंटर-स्ट्राइक' या खेळाच्या मूळ मांडणीत संवेदनशीलता १ असता दर टप्प्याला दृश्य ०.०२२ अंश वळते. माउस ८०० डीपीआयचा असेल तर :

८०० × ०.०२२ = १७.६ अंश दर इंचाला

म्हणून पूर्ण ३६० अंश वळण्यास ३६० ÷ १७.६ = २०.४५ इंच, म्हणजे सुमारे ५२ सें.मी. हात सरकवावा लागेल. संवेदनशीलता २ केली तर २६ सें.मी., ४ केली तर १३ सें.मी. पुरतील. ८०० डीपीआय व २ यांचा गुणाकार १६०० डीपीआय व १ यांच्या गुणाकाराइतकाच आहे. दोन्ही मांडण्यांत हाताला अंतर सारखेच पडते. यावरून ध्यानात येईल की डीपीआय ठाऊक नसताना दुसऱ्याचा नुसता आकडा घेणे व्यर्थ आहे.

मग योग्य प्रमाण कोणते? १ अंश रुंदीच्या लक्ष्यावर थांबण्यासाठी हाताला मिळणारी जागा पाहा : संवेदनशीलता १ असता १.४४ मि.मी., २ असता ०.७२ मि.मी. आणि ४ असता केवळ ०.३६ मि.मी. उलट मागे वळण्यास अनुक्रमे २६, १३ आणि ६.५ सें.मी. लागतात. एकीकडे सवलत मिळाली की दुसरीकडे किंमत मोजावी लागते.

पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली दाखवले, की लक्ष्यापर्यंत पोचण्याचा वेळ अंतर आणि लक्ष्याची रुंदी यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. संवेदनशीलता बदलली की दोन्ही एकाच प्रमाणात बदलतात. गुणोत्तर तसेच राहते! म्हणूनच मधल्या बऱ्याच मोठ्या टापूत कोणताही एक आकडा जादूचा नसतो. अडचण येते ती दोन्ही टोकांना. फार जास्त संवेदनशीलतेत हाताचा कंप आडवा येतो, फार कमी असेल तर टेबलावरची जागा संपते.

खरी नेमबाजी याहून कठीण आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेच्या सेवेत असताना २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक विजेते ठरले. या प्रकारात १० गुणांचे वर्तुळ १०.४ मि.मी. व्यासाचे असते. ५० मीटरवरून त्याचा कोन सुमारे ०.०१२ अंश भरतो. आपल्या माउसच्या एका टप्प्याहूनही लहान!

करून पाहा : माउस वेगाने हलवल्यास जास्त वळवणारी 'प्रवेग' सोय आधी बंद करा, नाहीतर मापन फसेल. टेबलावर पट्टी ठेवून पूर्ण वळणाचे अंतर मोजा. मग तीन संवेदनशीलता निवडून प्रत्येकीवर २० वेळा नेम धरा. लक्ष्याच्या पुढे किती वेळा गेलात व अलीकडे किती वेळा राहिलात, ते वहीत मांडा. पुढे जाण्याची संख्या जास्त असेल तर संवेदनशीलता कमी करा; अलीकडे राहत असाल तर वाढवा. एकदा ठरली की दोन आठवडे बदलू नका, कारण हाताला सवय लागण्यास वेळ लागतो. मनगट दुखू लागले तर मात्र लगेच थांबा.

शाळेत खेळ नसेल तर चित्राच्या पानावर ५ मि.मी.चे ठिपके काढून दर्शकाने ते टिपा. गणित तेच राहील.

प्रश्न : ४०० डीपीआयच्या माउसवर पूर्ण वळणाला ५२ सें.मी. हवे असतील, तर संवेदनशीलता किती ठेवावी?