हो ओटो कोणाच्या मापाचो?

माझं माहेर डिचोलीचं आणि सासर पेडणे तालुक्यातल्या कोरगावचं. चाळीसेक वर्षांत मी चार स्वयंपाकघरांत रांधलं. माहेरी शेणानं सारवलेल्या जमिनीवर चुलीपुढे बसून. सासरी जुन्या कोब्याच्या खोलीत उभ्यानं. मग 2011 साली हौसेनं करून घेतलेल्या चकचकीत मॉड्युलर स्वयंपाकघरात. आणि ते पाच पावसाळ्यांत कामातून गेल्यावर 2016 साली गावच्या मेस्तांकडून बांधून घेतलेल्या, आज वापरात असलेल्या स्वयंपाकघरात.

जानेवारी 2023 मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला, तेव्हापासून पेडण्यात बांधकामाला ऊत आला आहे. जुनी घरं दुरुस्त होत आहेत आणि पहिला हातोडा बहुतेक वेळा स्वयंपाकघरावर पडतो. नात्यातल्या, शेजारच्या मुली विचारायला येतात. त्यांना तोंडी सांगते तेच इथे क्रमानं लिहिते.

1. माप आधी स्वतःचं घ्या

2011 साली आमचा ओटा छत्तीस इंचांचा झाला. हेच चालू माप आहे, असं ठेकेदारानं सांगितलं आणि मी मान डोलावली. माझी उंची पाच फूट. काम पुरं झालं त्या दिवशी सासूबाई ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. आम्ही त्यांना मांय म्हणायचो. त्यांनी ओट्यावर हात टेकला आणि विचारलं, "हो ओटो कोणाच्या मापाचो गो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन वर्षांत माझा उजवा खांदा धरला. भाकरी थापताना, कणीक मळताना हात सतत वर उचललेला राहायचा, त्याचा तो परिणाम होता.

माप घेणं सोपं आहे. अनवाणी ताठ उभ्या राहा, कोपर काटकोनात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करा. माझं कोपर साडेसदतीस इंचांवर येतं, म्हणून माझा कामाचा ओटा बत्तीस इंचांचा आहे. शेगडी मुळातच चार-पाच इंच उंच असते आणि तिच्यावर टोप चढतो. म्हणून शेगडीखालचा भाग अठ्ठावीसवर उतरवला. आता उकळत्या हुमणात वरून डोकावता येतं, वाफ तोंडावर येत नाही. सिंकचं उलट असतं. भांडी त्याच्या तळाशी घासायची असतात आणि तळ सात-आठ इंच खाली असतो. म्हणून सिंकचा काठ चौतीसवर घेतला. माझी सून माझ्याहून चांगली चार बोटं उंच आहे, ती भाजी चिरायला त्याच बाजूला उभी राहते. एका ओट्याच्या तीन उंच्या केल्या, तर मेस्तांना जेमतेम एक दिवस जास्त लागला.

2. आठ दिवस वही ठेवा

दुसऱ्यांदा काम काढण्याआधी मी आठ दिवस एक वही ओट्यावर ठेवली. कुठून उठले, कुठे गेले, कशासाठी गेले, एवढंच लिहायचं. ही कल्पना माझी नाही. 1926 साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरातल्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुविशारद बाईंनी साधारण सव्वासहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब असं स्वयंपाकघर आखलं. आजच्या मॉड्युलर स्वयंपाकघराचं मूळ तिथे आहे. त्यांनी स्वतः तोवर कधी स्वयंपाक केलेला नव्हता, हे त्यांनी पुढे मोकळेपणानं सांगितलं. म्हणूनच त्यांनी कामाच्या हालचाली आणि त्यांना लागणारा वेळ मोजून आखणी केली. पुढे 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात शेगडी, सिंक आणि फ्रिज यांचा त्रिकोण मांडला गेला. त्याची प्रत्येक बाजू चार ते नऊ फूट असावी, असं आजही सांगतात.

माझ्या वहीनं मात्र वेगळंच दाखवलं. माझ्या सर्वांत जास्त फेऱ्या मागच्या दाराकडे होत्या. कढीपत्ता आणायला, मासळी धुवायला, सोडणं टाकायला, वाळत घातलेली सोलं उचलायला, कोंबड्यांना शितं घालायला. आणि 2011 साली त्या दाराचा अर्धा भाग मी एका उंच कपाटानं अडवून टाकला होता! आपल्याकडे त्या त्रिकोणाला चौथा कोपरा असतो, आणि तो परसात उघडतो. तो आधी ठरवा, शेगडीची जागा मग आपोआप ठरते.

3. पावसाळा डोळ्यांसमोर ठेवून सामान घ्या

गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आपल्या भिंती चिऱ्याच्या. चिरा पाणी पितो आणि धरून ठेवतो. अशा भिंतीला चिकटवून प्लायवूडची कपाटं बसवली की ओल मागून शिरते. पुढून सनमायका चकाकत असतो, म्हणून कळत नाही. आमच्या कपाटांच्या कडा दुसऱ्या पावसाळ्यात फुगल्या. तिसऱ्यात दारं बसेनाशी झाली. चौथ्यात मागच्या फळीत वाळवी निघाली.

यातून चार गोष्टी शिकले. ओट्याखाली लाकडी खोका नको. चिऱ्याच्या किंवा विटांच्या आडभिंती घालून कडप्प्याचे कप्पे करा. कडप्पा फुगत नाही आणि त्याला वाळवी लागत नाही. प्लायवूड वापरायचंच असेल तर त्यावर आयएस 710 हा शिक्का स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, नुसत्या 'वॉटरप्रूफ' या शब्दावर जाऊ नका. दारं पट्ट्यांची करा, आत हवा खेळू द्या. आमची फणसाच्या लाकडाची आहेत. आणि कपाट व भिंत यांच्यात दोन बोटं जागा सोडा.

हरमल, मांद्रे, मोरजी इथे घर असेल तर खाऱ्या वाऱ्याचाही विचार करावा लागतो. 304 प्रतीच्या स्टीललाही तिथे डाग धरतात. बिजागऱ्यांना 316 प्रतीचं स्टील किंवा पितळ बरं. डिचोलीला खारा वारा नाही. पण खाणी जोरात असताना आई दिवसातून दोनदा फळ्यांवरची लाल धूळ पुसायची, हे मी पाहिलं आहे. तिथे उघड्या फळ्यांपेक्षा झाकलेले कप्पे सोयीचे.

ओट्याला संगमरवर घेऊ नका. आपल्या रोजच्या जेवणात सोलं आहेत, चिंच आहे, लिंबू आहे. आंबट पडलं की संगमरवराची झिलई कायमची जाते. काळा ग्रॅनाइट हे सगळं सोसतो.

4. वाटणाला जागा ठेवा

आपल्या स्वयंपाकाचा जीव वाटणात आहे. खोबरं खोवायचं, मिरच्या-धणे भिजवायचे, वाटायचं. बांगड्याच्या हुमणाला तिरफळं वाटणात जात नाहीत, ती ठेचून वरून पडतात. हे सगळं ज्याला माहीत आहे, तो वाटणाची जागा कोपऱ्यात ढकलणार नाही. कॅटलॉगमध्ये मात्र मिक्सरला एक प्लग असतो, बाकी काही नसतं.

आदोळीवर बसून खोबरं खोवायची माझी सवय सुटलेली नाही, आणि सुटावी असं मला वाटतही नाही. म्हणून मागच्या दाराशी चार फूट बाय चार फूट जमीन मोकळी ठेवली. तिथे उजेड पडतो आणि पाट मांडता येतो. शेजारी कोपऱ्यात मांयचा रगडा बसवला आहे. पहिल्या कामात तो अंगणात नेऊन ठेवला होता, पाच वर्षं त्यात पावसाचं पाणी साचत राहिलं. पावसात वीज गेली की आज तो उपयोगी पडतो, आणि सणाचं वाटण आम्ही हौसेनं त्यावरच करतो. मिक्सर रोज लागतो, म्हणून तो कपाटात नाही. ओट्यावर, सिंकपासून हातभर लांब, कायम उभा आहे. स्वयंपाकघराच्या वायरिंगला 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवून घ्या. ओल्या हातांनी काम करणाऱ्या बाईच्या जिवाचं ते रक्षण आहे.

5. मासळीचं काम मागीलदारी

आतल्या सिंकमध्ये मासे केले की वास लाकडात मुरतो आणि नळीत खवलं अडकतात. आम्ही मागच्या पावळीखाली दोन फूट उंचीचा छोटा ओटा, नळ आणि उतार केला. सांडपाणी माडाच्या आळ्यात जातं. सोमवारी आणि श्रावणात घरात शिवराक जेवण असतं, नैवेद्याची भांडी वेगळी ठेवायची असतात. या एका ओट्यामुळे तेही सोपं झालं.

6. उजेड वरून, वारा खालूनही

जुन्या घरांत कौलांमध्ये एखादं काचेचं कौल असायचं. त्याचा प्रकाश थेट चुलीवर पडायचा. आम्ही दोन बसवली. दिवसा दिवा लावावा लागत नाही. खिडकी ओट्यासमोर हवी, पण आपला पाऊस पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून झोडपतो, त्या बाजूला असेल तर छप्पर दोन फूट तरी पुढे काढा.

गॅसच्या बाबतीत एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खालून जाळी हवी आणि तो बंद कपाटात कोंडता कामा नये. चिमणी असली तरी ही जाळी लागतेच.

7. पुरुमेंताचं कोठार

मे महिन्यात आपण पुरुमेंत करतो: तांदूळ, कांदे, सुकी मासळी, सोलं, मिरच्या, कडधान्यं. एरवीच्या सहा डब्यांच्या हिशेबानं आखलेल्या कपाटात हे मावत नाही. स्वयंपाकघराच्या आतल्या, पाऊस न लागणाऱ्या भिंतीला सहा फूट बाय चार फुटांची खोली किंवा निदान एक उंच कोनाडा राखून ठेवा. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून एक फूट वर असू द्या.

हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ती नीट वाळवून कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली तर वर्षभर रंग टिकतो. मीठ लावलेली सोलं मात्र स्टीलच्या डब्यात भरू नका, मीठ आणि आंबटपणा मिळून डब्याला भोकं पाडतात. चिनी मातीची बरणी घ्या. आणि डिचोलीच्या कुंभारांकडून दोन-चार मडकी आणा. हुमण मातीत शिजलं की दुसऱ्या दिवशी अधिक चांगलं लागतं, हा माझ्या आईचा अनुभव आणि माझाही.

8. चवथीचा दिवस धरून आखा

वर्षाचे साडेतीनशे दिवस आमच्या घरी चौघं जेवतात. चवथीला पस्तीस माणसं असतात. नेवऱ्या तळायच्या, खतखतं शिजवायचं. पाच जणी एकाच वेळी कामाला असतात. 2011 च्या स्वयंपाकघरात दोघींनाही एकमेकींना ओलांडून जाता येत नव्हतं. पहिल्या चवथीला जाऊबाई दारातच उभ्या राहिल्या. आता ओटा आणि समोरची भिंत यांच्यात साडेचार फूट अंतर आहे, आणि मागच्या पडवीत मोठ्या टोपासाठी चिऱ्याची चूल कायमची बांधली आहे. मोठं स्वयंपाकघर सगळ्यांना परवडत नाही. पडवीतली चूल मात्र बहुतेकांना जमते.

9. देखणेपण आपल्या घरातूनच घ्या

गोव्याच्या घरांवरच्या सुंदर पुस्तकांत बहुधा सासष्टी आणि बार्देशातले वाडे असतात, निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज फरश्यांचे. ते सुंदरच आहे. पण पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादींतले तालुके. अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे आले, त्याआधी सावंतवाडीशी जोडलेले. आपली स्वयंपाकघरं कोकणातल्या स्वयंपाकघरांची भावंडं आहेत. त्यांचं रूप चिऱ्याच्या लालीत आहे, फणसाच्या पिवळसर लाकडात आहे, पितळेच्या उजळलेल्या घागरीत आहे.

आम्ही एक भिंत गिलाव्याविना ठेवली, नुसता चिरा. शेगडीपासून ती दूर आहे, त्यामुळे तेलकट होत नाही. त्यावर फणसाची एक लांब फळी, आणि फळीवर माझ्या आईची डिचोलीच्या बाजारातली पितळी भांडी. ती शोभेला ठेवलेली नाहीत; दर सणाला खाली उतरतात, चिंचेनं घासली जातात आणि पुन्हा वर जातात. घरी येणारा प्रत्येक माणूस त्या भिंतीपाशी थांबतो.

मांय 2018 साली गेल्या. नव्या ओट्याशी त्यांना दोन वर्षं काम करता आलं. त्या माझ्याच उंचीच्या होत्या.

घर दुरुस्तीला काढणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं आहे. मेस्तांना बोलावण्याआधी, फरशीचा रंग निवडण्याआधी, त्या घरात जी रांधते तिला भिंतीशी उभी करा, तिच्या कोपराशी पेन्सिलीनं खूण करा आणि काम तिथून सुरू करा.