पुष्पगुच्छातून होणारा किडींचा प्रवास : पनागर (जबलपूर) परिसराच्या संदर्भात

प्रास्ताविक

पुण्यात किंवा नागपुरात राहणाऱ्या कुटुंबाने पनागर येथील आप्तांना लग्नानिमित्त पुष्पगुच्छ पाठवायचे ठरविले, तर पुण्याहून किंवा नागपूरहून फूल निघत नाही. निघतो तो निरोप आणि पैसे. गुच्छ बांधला जातो पनागर किंवा जबलपूर येथील फूलविक्रेत्याच्या दुकानात आणि काही तासांत तो घरपोच होतो. या पद्धतीला शतकाहून अधिक काळ लोटला आहे. १९१० मध्ये अमेरिकेतील काही फूलविक्रेत्यांनी एकत्र येऊन परगावची मागणी तारेने कळविण्यासाठी संघटना स्थापन केली. तारेची जागा पुढे दूरध्वनीने आणि आता भ्रमणध्वनीने घेतली असली, तरी मूळ तत्त्व कायम आहे. फूल नाशवंत असल्याने मागणीने प्रवास करावा आणि फूल जवळचेच असावे, असे ते तत्त्व आहे.

प्रत्यक्षात मात्र स्थानिक दुकानातील प्रत्येक फूल स्थानिक नसते. झेंडू, देशी गुलाब, निशिगंध आणि शेवंती जवळपासच्या शेतांतून येऊ शकतात. लांब दांड्याचा गुलाब, जरबेरा व कार्नेशन ही फुले मुख्यतः हरितगृहांत घेतली जातात, आणि त्यांची मोठी केंद्रे पुणे जिल्ह्यातील मावळ, नाशिक व बंगळुरू या परिसरांत आहेत. मावळपासून पनागरचे अंतर सुमारे एक हजार किलोमीटर आहे. एवढ्या प्रवासात फुलांबरोबर आणखी काय येते आणि समारंभ आटोपल्यावर ते कोठे जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पनागरसाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

पनागर हे जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरील शेतीप्रधान गाव आहे. जबलपूर जिल्हा हिरव्या वाटाण्यासाठी ओळखला जातो. ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत या जिल्ह्यासाठी वाटाण्याचीच निवड झालेली आहे. वाटाण्याचा हंगाम, लग्नसराईचा मोठा भाग आणि शेवंतीचा बहर हे तिन्ही हिवाळ्यात एकत्र येतात. ज्या दिवसांत शिवारात वाटाणा कोवळा असतो, त्याच दिवसांत घराघरांत गुच्छ येतात. सुकलेले गुच्छ अनेकदा परसातील उकिरड्यावर किंवा थेट बांधावर टाकले जातात. गुच्छातील कीड आणि शेतातील पीक यांच्यामधील अंतर अशा वेळी काही पावलांचेच उरते.

नागअळी : फुलदाणीतच पूर्ण होणारे जीवनचक्र

शेवंतीच्या पानांवर पांढऱ्या, वेड्यावाकड्या रेषा दिसल्यास तो नागअळीचा प्रादुर्भाव समजावा. अमेरिकन नागअळी (लिरिओमायझा ट्रायफोली) जगभर पसरली ती प्रामुख्याने शोभेच्या झाडांच्या व्यापारातून. अमेरिकेतील फ्लोरिडातून शेवंतीच्या कलमांबरोबर ती १९७०च्या दशकात केनियात गेली आणि तेथून कलमांच्याच वाटेने युरोपात पोहोचली. भारतात तिची नोंद १९९०च्या दशकाच्या प्रारंभी झाली. आज टोमॅटो, वाल, वाटाणा, काकडीवर्गीय भाज्या व एरंडी अशा अनेक पिकांवर ती आढळते.

या किडीची मादी पानाच्या पेशीजालात अंडी घालते. अंड्यातून दोन ते पाच दिवसांत अळी बाहेर पडते आणि पानाच्या दोन पापुद्र्यांमधील हिरवा भाग खात पुढे सरकते. उबदार हवामानात अळी अवस्था साधारणतः चार ते सात दिवस टिकते. पूर्ण वाढ झालेली अळी पान फोडून बाहेर येते व जमिनीवर पडून कोष करते. कोषातून माशी निघण्यास साधारणतः एक ते दोन आठवडे लागतात. शेवंतीचे फूल पाण्यात इतके दिवस टिकते की किडीला आपले जीवनचक्र पूर्ण करता यावे. वनस्पती संगरोधशास्त्रात शेवंतीच्या कापलेल्या फुलांकडे विशेष लक्ष दिले जाते, त्याचे एक कारण हेच आहे. फूल टवटवीत राहावे म्हणून घेतलेली काळजी अळीच्याही पथ्यावर पडते.

वाटाण्यावर नेहमी आढळणारी नागअळी बहुधा दुसऱ्या जातीची, म्हणजे क्रोमॅटोमाया हॉर्टिकोला, असते. हीसुद्धा बहुभक्षी असून शेवंतीवर जगते. दोन्ही जातींतील एक फरक विस्तार कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावा. क्रोमॅटोमायाची अळी पानाबाहेर न पडता बोगद्याच्या टोकाशी, पानातच कोष करते. पान उजेडासमोर धरल्यास हा कोष उघड्या डोळ्यांनी दिसतो. अशी पाने गुच्छात राहिल्यास माशी थेट गुच्छातूनच बाहेर पडते.

नागअळी जिल्ह्यात आधीपासूनच असताना बाहेरून आणखी काही माश्या आल्याने काय बिघडते, अशी शंका घेतली जाते. तिचे उत्तर कीडनाशक-प्रतिकारात आहे. हरितगृहांत वारंवार फवारणी झालेली असते; त्यातून वाचलेल्या किडींमध्ये प्रतिकारक्षमता असण्याची शक्यता अधिक असते. ट्रायफोली जगभर डोईजड होण्यामागे हे एक प्रमुख कारण होते. अशा किडींची पैदास स्थानिक किडींशी मिसळली की पूर्वी उपयुक्त ठरलेली औषधे निकामी ठरू लागतात. शेतकऱ्याने फवारणी वाढविली तर अळीवर जगणारे परोपजीवी गांधीलकीटक आधी मरतात आणि प्रादुर्भाव उलट वाढतो.

फुलकिडे : पाकळ्यांच्या आड

फुलकिडे एक ते दोन मिलिमीटर लांबीचे असून पाकळ्यांच्या बेचक्यात लपतात. त्यामुळे वरून फवारलेले औषध त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. मादी अंडी वनस्पतीच्या ऊतीत घालते आणि बहुतेक जातींत कोषावस्था मातीत पूर्ण होते. गुलाबावरील सिर्टोथ्रिप्स डॉर्सॅलिस ही जात मिरचीवरील चुरडामुरडा घडवून आणते. ‘पश्चिमी फुलकिडा’ म्हणून ओळखला जाणारा फ्रँक्लिनिएला ऑक्सिडेंटॅलिस १९७०च्या दशकानंतर फुले व रोपे यांच्या व्यापारातून अनेक खंडांत पसरला. भारतात त्याची नोंद २०१५ मध्ये झाली. टोमॅटोवरील टॉस्पोविषाणूंचा तो प्रमुख वाहक आहे. थ्रिप्स पार्विस्पायनस या जातीची भारतातील नोंदही २०१५ मधीलच असून २०२१ मध्ये तिने आंध्र प्रदेश व तेलंगणातील मिरचीचे मोठे नुकसान केले. ही जात फुलांवर मोठ्या संख्येने जमते.

तपासणीची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे फूल पांढऱ्या कागदावर तीन-चार वेळा हलके आपटणे. पिवळसर किंवा काळपट, बारीक रेघेसारखे कीटक चालताना दिसल्यास फुलकिडे आहेत असे समजावे. पाकळ्यांच्या कडा तपकिरी होणे आणि पाकळीवर रुपेरी चट्टे पडणे हीदेखील त्यांचीच लक्षणे होत. फुले दोन ते चार अंश सेल्सिअस तापमानात ठेवल्यास कीटक सुस्त होतात. अल्पकाळच्या शीतसाठवणीने ते मरतील असे मात्र गृहीत धरू नये.

गुच्छातील हिरवा भराव

गुच्छाची शोभा भरावावर अवलंबून असते. त्यासाठी जिप्सोफिला, शतावरीवर्गीय पाला आणि कामिनीच्या फांद्या वापरतात. कामिनी ही संत्र्याच्याच कुळातील वनस्पती असून संत्र्यावरील सिट्रस सायला या किडीची आवडती यजमान आहे. ही कीड ग्रीनिंग रोगाचा प्रसार करते. अमेरिकेतील फ्लोरिडात सायला १९९८ मध्ये आढळली आणि रोपवाटिकांतून विकल्या गेलेल्या कामिनीच्या रोपांबरोबर ती राज्यभर पसरली. विदर्भातील संत्रा बागायतदारांनी बागेलगत कामिनीचे कुंपण लावणे म्हणूनच टाळावे. गुच्छासाठी कामिनी वापरायची झाल्यास कोवळी पालवी काढून टाकलेल्या फांद्या घ्याव्यात, कारण सायला अंडी कोवळ्या पालवीवरच घालते.

गाजरगवत हा याहून गंभीर भराव आहे. त्याची बारीक पांढरी फुले जिप्सोफिलासारखी दिसतात आणि फुकट मिळतात. त्यामुळे ती गुच्छात वापरल्याची उदाहरणे शेजारच्या पाकिस्तानातही नोंदली गेली आहेत. भारतात हे तण १९५५ मध्ये पुण्यात प्रथम लक्षात आले. एका झाडापासून हजारो बिया तयार होतात आणि त्याच्या संपर्काने त्वचादाह व श्वसनाचे विकार जडतात. म्हणजे भेट स्वीकारणाऱ्याच्या हाती एकाच वेळी ॲलर्जी आणि तणाचे बी दिले जाते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे तण संशोधन निदेशालय जबलपुरातच आहे आणि दरवर्षी ऑगस्टमध्ये गाजरगवत जागृती सप्ताह राबविते. या तणाची पाने खाणारा मेक्सिकन भुंगा (झायगोग्रामा बायकोलोरॅटा) १९८४ मध्ये बंगळुरू परिसरात प्रथम सोडण्यात आला व आता अनेक राज्यांत स्थिरावला आहे. हा भुंगा पावसाळ्यात प्रभावी असतो, परंतु हिवाळ्यात मातीत सुप्तावस्थेत जातो. लग्नसराईत गुच्छातून पसरणाऱ्या बियांना त्या काळात नैसर्गिक अटकाव राहत नाही.

अवशेषांचा प्रश्न : फूल हाताळणारे हात

किडीच्या भीतीने फवारणी वाढविणे हा यावरचा उपाय नव्हे. अन्नपदार्थांवरील कीडनाशक-अवशेषांच्या कमाल मर्यादा ठरलेल्या असतात; फूल खाल्ले जात नाही म्हणून ते बहुधा या चौकटीबाहेर राहते. बेल्जियममधील संशोधकांनी गुलाब, जरबेरा व शेवंती यांचे ९० गुच्छ तपासले तेव्हा त्यांत एकंदर १०७ क्रियाशील घटक आढळले. सर्वाधिक अवशेष गुलाबावर होते. याच संशोधनमालेत काम करताना घातलेल्या सुती हातमोज्यांची तपासणी केली असता तेच अवशेष फूलविक्रेत्यांच्या हातांपर्यंत पोहोचत असल्याचे दिसून आले. ही आकडेवारी भारताला जशीच्या तशी लागू होत नाही. तथापि दिवसभर ओल्या फुलांचे गुच्छ बांधणारा, देठ दातांनी तोडणारा आणि त्याच हातांनी जेवणारा कारागीर आपल्याकडेही आहे. गुलाबाच्या उरलेल्या पाकळ्या गुलकंदासाठी वापरल्या जात असतील, तर फूल सरळ अन्नसाखळीत प्रवेश करते. फवारलेल्या शोभेच्या गुलाबाच्या पाकळ्या गुलकंदासाठी कदापि वापरू नयेत.

स्थानिक उत्पादकांसाठी संधी

वरील विवेचनावरून बाहेरून येणारी फुले बंद व्हावीत असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. परगावहून आलेल्या मागणीचा जितका मोठा वाटा जवळच्या शेतातील फुलांनी पुरविला जाईल, तितका धोका आणि वाहतूक खर्च कमी होईल. झेंडू, ग्लॅडिओलस, निशिगंध व शेवंती ही पिके हरितगृहाविना घेता येतात. टोमॅटोत दर सोळा ओळींनंतर आफ्रिकन झेंडूची एक ओळ लावण्याची शिफारस परिचित आहे. हिरवी बोंडअळी झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालते आणि टोमॅटो वाचतो. अशा सापळा पिकातील फुले नियमित तोडावीत. मात्र विक्रीपूर्वी अळीग्रस्त फुले वेगळी काढून नष्ट करावीत. अन्यथा सापळ्यात अडकलेली कीड बाजारमार्गे दुसऱ्या शिवारात जाईल.

शिफारशी

फूल उत्पादकांसाठी :
१. फुलकिड्यांसाठी निळे आणि नागअळीच्या माश्या व पांढरी माशी यांसाठी पिवळे चिकट सापळे लावून आठवड्यातून दोनदा निरीक्षण करावे.
२. शेवंतीची नागअळीग्रस्त खालची पाने तोडणीपूर्वीच काढून नष्ट करावीत.
३. सुरुवातीस निंबोळीयुक्त किंवा बुरशीजन्य जैविक कीडनाशके वापरावीत. रासायनिक कीडनाशक वापरायचे झाल्यास ज्याच्या लेबलवर त्या पिकाचा उल्लेख आहे तेच निवडावे, एकाच गटातील औषध सलग वापरू नये आणि फवारणी व तोडणी यांत पुरेसे अंतर ठेवावे.

फूलविक्रेत्यांसाठी :
१. माल उतरविताना प्रत्येक जुडीतील काही फुले पांढऱ्या कागदावर झटकून पाहावीत.
२. दांड्याची खालची पाने दुकानातच काढून बंद पिशवीत ठेवावीत.
३. गाजरगवताचा भराव पूर्णतः वर्ज्य करावा.
४. हातमोजे वापरावेत, खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.

गुच्छ स्वीकारणाऱ्या शेतकरी कुटुंबांसाठी :
१. गुच्छातील नागमोडी रेषा असलेली पाने लगेच काढावीत.
२. सुकलेला गुच्छ बांधावर किंवा परसबागेत टाकू नये. तो काळ्या प्लॅस्टिक पिशवीत घट्ट बांधून काही दिवस कडक उन्हात ठेवावा. हिवाळ्यात ऊन पुरेसे तापत नसल्यास जमिनीत खोल पुरावा.

समारोप

वाटाण्याच्या हंगामापूर्वी, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील फूलविक्रेत्यांची एक बैठक घ्यावी आणि त्यांना कागदावर फूल झटकण्याचे प्रात्यक्षिक दाखवावे. त्यासाठी एक पांढरा कागद, एक भिंग आणि अर्धा तास पुरेसा आहे. कीड नियंत्रणाच्या चर्चेत शेतकरी नेहमी असतो, फूलविक्रेता मात्र अभावानेच असतो. गावात प्रवेश करणारी जुडी सर्वांत आधी तोच उघडतो. म्हणूनच त्याला या कामात सहभागी करून घेतल्यास वाटाण्याच्या पिकाला एक जागरूक पहारेकरी लाभेल.