आपत्तीची पहिली वर्दी कोण देणार?

(इयत्ता चौथी व पाचवी. परिसर अभ्यास. शिक्षकांसाठी पाठटिपण)

पाठाचा हेतू : गावाची सुरक्षितता हे कोणा एका खात्याचे काम नसून अनेक खात्यांनी व स्वतः गावाने मिळून करावयाचे कार्य आहे, आणि वेळेवर दिलेली खबर हा त्या कार्याचा पहिला दुवा होय, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे.

१. प्रास्ताविक

शिक्षकबंधुभगिनींनो, 'आपले रक्षण कोण करते?' असे वर्गात विचारले असता बहुतेक मुले 'पोलीस' असे उत्तर देतात. हे उत्तर चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. सर्पदंश झाला तर आरोग्य केंद्र, गंजीला आग लागली तर अग्निशामक दल, विजेची तार तुटून पडली तर वायरमन, पूल पाण्याखाली गेला तर बांधकाम खाते, अशी निरनिराळी माणसे आपल्या रक्षणासाठी नेमलेली आहेत. परंतु संकट खात्यांच्या हद्दी पाहून येत नाही. एकाच रात्री रस्ता खचतो, वीज जाते, माणसे जखमी होतात. अशा वेळी सर्व खाती एकदम हलली पाहिजेत. आणि ती हलण्यापूर्वी त्यांना कोणीतरी कळविले पाहिजे.

२. माळीणचे उदाहरण

माळीण हे पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील, डोंगराच्या कुशीत वसलेले गाव. मुसळधार पावसात दिनांक ३० जुलै २०१४ रोजी पहाटे डोंगराचा कडा खाली आला व माणसे झोपेत असतानाच गावातील घरे चिखलदगडांखाली गाडली गेली. १५१ माणसे प्राणास मुकली. खबर देण्यासाठी धावत जावे, अशी माणसेच ढिगाऱ्याखाली होती. ती बातमी बाहेर नेली एस. टी. च्या एका चालकाने. नेहमीच्या फेरीवर आलेल्या त्या चालकास गावाच्या जागी मातीचा ढीग दिसला आणि त्याने ही गोष्ट अधिकाऱ्यांस कळविली. त्यानंतर महसूल, पोलीस व आरोग्य ही खाती आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल कामास लागले. पाऊस थांबत नव्हता, तरी शोधकार्य कित्येक दिवस चालले. एक तान्हे मूल व त्याची आई ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर निघाली.

बस चालविणे एवढेच त्या चालकाचे नेमून दिलेले काम होते. तरीही साऱ्या मदतकार्याची साखळी त्याच्या खबरीपासून सुरू झाली. पाठाचे मर्म हेच आहे.

ही हकीकत सांगताना मुलांच्या मनात भीती बसणार नाही, याची दक्षता घ्यावी. डोंगराळ भागातील शाळांत हे विशेष जपावे. मृत्यूचे वर्णन थोडक्यात आटोपून मदत कशी पोहोचली यावर भर द्यावा.

३. व्यवस्था

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये प्रत्येक जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात, तर जिल्हा परिषद असलेल्या जिल्ह्यात तिचे अध्यक्ष हे सहअध्यक्ष असतात. पोलीस अधीक्षक व जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी हे त्याचे सभासद होत. या रचनेतील अर्थ मुलांना सोप्या शब्दांत सांगावा. प्रशासन, पोलीस, वैद्य आणि लोकांनी निवडून दिलेला प्रतिनिधी यांना कायद्याने एका बैठकीस बसविले आहे. संकट आल्यावर 'हे काम कोणाचे?' असा वाद घालण्यास वेळ नसतो. तो प्रश्न आधीच सोडवून ठेवावा लागतो.

गावपातळीवर पोलीस पाटील, तलाठी, सरपंच, आशा सेविका व अंगणवाडी सेविका हे या साखळीचे दुवे होत. दूरध्वनीने मदत मागण्यासाठी ११२ हा सर्व प्रकारच्या संकटांसाठी, १०८ रुग्णवाहिकेसाठी, १०१ अग्निशामक दलासाठी व १०७७ जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी आहे.

४. पहिला काळ गावाचा

व्यवस्था कितीही चांगली असली तरी दूरच्या वाडीवर पोहोचण्यास तिला वेळ लागतो. त्या मधल्या काळात गावच गावाचा रक्षक असतो. संकट येण्यापूर्वीही पुष्कळदा सूचना मिळतात. उतारावरील जमिनीस नव्या भेगा पडणे, झाडे वा विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, नवे झरे फुटणे, घराची दारे अकस्मात घट्ट बसू लागणे ही डोंगर सरकू लागल्याची चिन्हे असू शकतात. गुरे चारणाऱ्यांस व रानातून शाळेत येणाऱ्या मुलांस ती प्रथम दिसतात. परंतु 'दुसऱ्याने सांगितले असेल' असे प्रत्येकाने मानले, तर कोणीच सांगत नाही. सर्वांना ठाऊक असूनही कोणी न कळविलेली भेग ही न दिसलेल्या भेगेपेक्षा अधिक घातक होय.

तद्वतच, मोबाइलवर फिरणारा प्रत्येक निरोप म्हणजे खबर नव्हे, हेही शिकवावे. खोट्या वर्दीमुळे रुग्णवाहिका एका गावी निष्कारण जाते आणि दुसऱ्या गावचा रोगी तिची वाट पाहत राहतो.

५. वर्गात व वर्गाबाहेर

(अ) वर्दी देण्याचा सराव : एका मुलाने नियंत्रण कक्षातील कर्मचारी व्हावे, दुसऱ्याने खबर द्यावी. गाव व तालुका कोणता, काय घडले, किती माणसे अडकली, रस्ता चालू आहे काय, बोलणारा कोण, या पाच गोष्टी क्रमाने सांगता आल्या पाहिजेत. पलीकडून प्रश्न संपेपर्यंत फोन ठेवू नये. प्रत्यक्षात मात्र मुलांनी प्रथम जवळच्या मोठ्या माणसास सांगावे. हा सराव खऱ्या क्रमांकावर कधीही करू नये.

(आ) गावाचा नकाशा : मुलांनी शाळा, आरोग्य उपकेंद्र, पोलीस पाटलांचे घर, विहिरी, ओढा व उंचावरील सुरक्षित जागा दाखवाव्यात. पुराच्या वेळी शाळेतच निवारा द्यावा लागतो; म्हणून शाळेची वाट पाण्याखाली जाते काय, हेही पाहावे.

(इ) फलक : वरील क्रमांक व गावातील जबाबदार व्यक्तींची पदे शाळेच्या दर्शनी भिंतीवर ठळक लिहावीत. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी फलक तपासावा.

(ई) भेट : पोलीस पाटील किंवा आशा सेविका यांस शाळेत बोलावून मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. ओळखीच्या माणसाकडे मूल निःसंकोच धाव घेते.

६. स्वाध्याय

१. माळीणची बातमी प्रथम कोणी कळविली? ते त्याचे नेमून दिलेले काम होते काय?
२. आपल्या वाडीचा रस्ता बंद झाला, तर कोणकोणत्या खात्यांची मदत लागेल?
३. डोंगर सरकू लागल्याची तीन चिन्हे सांगा.
४. तुम्हांस विजेची तुटलेली तार दिसली, तर काय कराल व काय करणार नाही?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक मुलाकडून तोंडी ऐकल्याशिवाय पाठ पूर्ण झाला असे समजू नये.