जनपदोद्ध्वंस आणि वैद्यांची पूर्वतयारी

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय आपण सर्वांनी अभ्यासला आहे. वायू, जल, देश व काल हे चार भाव विकृत झाले म्हणजे भिन्न प्रकृतीच्या माणसांनाही एकाच वेळी एकच व्याधी गाठतो, हा त्यातील सिद्धान्त सर्वांच्या स्मरणात असतो. मात्र अध्यायाचा आरंभ बहुधा विस्मृतीत जातो. ग्रीष्माच्या अखेरीस कांपिल्य नगरीजवळ गंगातीरी फिरत असता पुनर्वसू आत्रेय अग्निवेशाला सांगतात की, भूमी बिघडण्यापूर्वीच वनस्पती संग्रहित कराव्यात. नंतर त्यांचे रस, वीर्य, विपाक व प्रभाव टिकणार नाहीत. म्हणजे उपदेशाचा आरंभ चिकित्सेने नव्हे तर साठ्याने होतो, आणि तोही पावसाळ्याच्या तोंडावर.

आपल्या परभणी जिल्ह्याला हे तंतोतंत लागू पडते. पैठणचे जायकवाडी व सिंदफणेवरील माजलगाव या धरणांतून विसर्ग वाढला की, गंगाखेड, पालमकडील गोदाकाठी स्थानिक पाऊस नसतानाही पाणी चढते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्याने हे अनुभवले. उलटपक्षी, २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. दुष्काळ असो वा पूर, प्रथम बिघडते ते जल.

सुश्रुतांनी गढूळ जलाच्या प्रसादनासाठी निवळीचे बी, वस्त्र इत्यादी सात द्रव्ये सांगितली आहेत. येथे एक भेद ध्यानी घ्यावा. निवळीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. म्हणून पाणी निवळून, गाळून नंतर उकळावे किंवा त्यात योग्य मात्रेत क्लोरीन मिसळावे. गाळ आधी काढल्यास क्लोरीनचे कार्यही चांगले होते. ग्रामपंचायतीची टीसीएल पावडर ओलसर जागी पडून निःसत्त्व झाली आहे काय, ओटी चाचणी होते काय, याची चौकशी गावातील वैद्याने मे महिन्यातच करावी. त्यात कमीपणा कसला?

आता साठ्याविषयी. शार्ङ्गधरांच्या मते चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते, गुटी व अवलेह वर्षभर टिकतात, तर आसव जुने होतील तसे गुणवान होतात. यास्तव पावसाळ्यापूर्वी कुटजघन वटी, संजीवनी वटी, बिल्वावलेह, कुटजारिष्ट यांचा साठा करावा व चूर्णे बेताचीच ठेवावीत. वेष्टनावरील मुदत अर्थातच पाळावी. अतिसारात मात्र जलसंजीवनी प्रथम, कुटज नंतर. लहान मुलाचे डोळे खोल गेले असतील, ते सुस्त पडले असेल, तर वटी देत न बसता त्याला रुग्णालयात पाठवावे.

पुरानंतर सर्पदंश वाढतात. उंचवट्यावरील शाळेत माणसे जमिनीवर निजतात, आणि बिळातून निघालेले सापही कोरडी जागाच शोधत असतात. मण्यारचा दंश बहुधा दुखत नाही, सुजत नाही. पहाटे रुग्ण पोटात कळ येते, पापण्या जड झाल्या असे सांगतो आणि आपण त्यास अजीर्ण समजण्याचा धोका असतो. अशा वेळी प्रतिसर्पविष हेच औषध. अगदतंत्राचा अभिमान आम्हालाही आहे, परंतु तो दाखविण्याची ही वेळ नव्हे. अंग स्थिर ठेवून १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. पुराच्या पाण्यात वावरलेल्या माणसास ताप, पोटऱ्यांत वेदना व डोळ्यांत लाली असल्यास लेप्टोस्पायरोसिसचा संशय धरून त्यासही विनाविलंब पाठवावे.

गावातील गरोदर स्त्रिया, अंथरुणाला खिळलेले वृद्ध, मधुमेह व रक्तदाबाचे रुग्ण आपल्याला नावानिशी ठाऊक असतात. त्यांची यादी आशाताई व प्राथमिक आरोग्य केंद्राकडे आधीच असावी. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्यांच्या आराखड्यात खासगी वैद्यांची नावे, दूरध्वनी व गावे यावीत, यासाठी तालुका शाखांनी एकत्रित निवेदन द्यावे, असे आम्ही सुचवितो.

औषधी दुकानदार बंधूंना आणखी एक विनंती. पाणी शिरण्याचा संभव असलेल्या दुकानात खालचे दोन फळे पावसाळाभर रिकामे ठेवावेत. पुरात भिजलेले औषध, झाकण शाबूत दिसले तरी, विकू नये. चूर्ण उन्हात वाळवून पुन्हा भरणे तर सर्वथा वर्ज्य होय. भिजलेल्या मालाचे छायाचित्र व बॅच क्रमांक नोंदवून तो वेगळा ठेवावा. म्हणजे विम्याची मागणी करता येते आणि घाईगर्दीत कोणी तो चुकून रुग्णाच्या हाती देत नाही.