संगणक पुसण्याआधी वाय-फायचा डोंगल काढून बघा

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी रात्री निशी-कासाईहून ओळखीच्या एका वहिनींचा फोन आला. "भाऊजी, संगणक सुरूच होत नाहीये. पासवर्ड टाकते, डेस्कटॉप दिसतो न दिसतो तोच निळा पडदा येतो आणि परत पहिल्यापासून सुरू!" दुरुस्तीच्या दुकानात विचारलं, तर त्यांनी 'शोकिका' सुचवली. शोकिका म्हणजे आतलं सगळं पुसून संगणक नव्यासारखा करणं. पण त्याच संगणकात वहिनींच्या सासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो आणि व्हिडिओ होते. दुसरी प्रत कुठेही नव्हती, आणि सासरे आता हयात नव्हते.

मी एकच प्रश्न विचारला, "हे सुरू होण्याआधी नवीन काय जोडलंत?" उत्तर आलं, दिरांनी पुण्याहून आणलेला यूएसबी वाय-फाय डोंगल. म्हटलं, तो काढा आणि परत सुरू करा. संगणक नीट सुरू झाला. पहिलं काम म्हणून सगळे फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले. कारण शोधायला त्यानंतर बसलो.

एवढासा डोंगल अख्खा संगणक कसा काय पाडतो?

संगणकातले प्रोग्रॅम दोन पातळ्यांवर चालतात. ब्राउझर, वर्ड वगैरे वरच्या पातळीवर. त्यातला एखादा चुकला तर विंडोज तेवढाच बंद करते. उपकरणांशी बोलणारे बहुतेक प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, मात्र खाली कर्नेलच्या पातळीवर चालतात. तिथे सगळी स्मृती सामायिक असते. एका ड्रायव्हरने भलत्या ठिकाणी हात घातला, तर आणखी काय बिघडलं असेल याची खात्री उरत नाही. म्हणून विंडोज स्वतःहून थांबते. तो निळा पडदा (विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत काळा) म्हणजे तुमची माहिती बिघडू नये म्हणून दाबलेला ब्रेक असतो.

वहिनींच्या पडद्यावर इंग्रजीत 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' असं लिहिलं होतं. याचा अर्थ स्वयंपाकघरात समजतो. फोडणी तडतडत असताना मोहरी संपली म्हणून वाण्याकडे जाता येत नाही, मोहरी हाताशीच हवी. वाय-फायवर माहितीचा तुकडा आला की ड्रायव्हरला तातडीने काम करावं लागतं. त्या क्षणी त्याला लागणारी गोष्ट मुख्य स्मृतीतच हवी, कारण डिस्कवरून ती आणेपर्यंत थांबायची त्या वेळी परवानगी नसते. सदोष ड्रायव्हर नेमकी अशा वेळी डिस्कवर गेलेली किंवा चुकीच्या पत्त्यावरची गोष्ट मागतो, आणि विंडोज थांबते. डेस्कटॉप दिसल्यावरच संगणक का कोसळत होता, हेही यातून कळतं. साधारण त्याच सुमारास वाय-फाय जोडलं जातं.

तुमच्यावर हीच वेळ आली तर या क्रमाने जा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर नेमकं कशाने जमलं ते कळणार नाही.

१. पडद्याचा फोटो काढा. थांबण्याच्या संकेताखाली कधी कधी 'डॉट एसवायएस' ने संपणारं फाइलचं नाव असतं. तोच बहुधा गुन्हेगार ड्रायव्हर.

२. संगणक बंद करून कीबोर्ड आणि माउस सोडून बाकीची सगळी यूएसबी उपकरणं काढा. आता सुरू झाला, तर आधी महत्त्वाच्या फाइल्सची प्रत घ्या.

३. वाय-फायचं कार्ड लॅपटॉपच्या आत असेल तर ते काढता येत नाही. अशा वेळी विंडोजचं चिन्ह दिसताच पॉवरचं बटण दाबून धरून संगणक बंद करा. असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा पडदा येतो. जपानी विंडोजमध्ये तिथे क्रमाने 'तोराबुरु श्यूतिंगु', 'श्योसाई ओपुश्योन' आणि 'सुताआतोआप्पु सेत्तेई' निवडा. संगणक परत सुरू झाल्यावर ४ दाबा. हा सेफ मोड. ५ दाबू नका, त्यात नेटवर्कचे ड्रायव्हरही सुरू होतात. बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी किल्ली मागितली जाईल. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते, फोनवरून बघता येते.

४. 'देबाइसु मानेजा' उघडून नेटवर्क अडॅप्टरच्या यादीत ते उपकरण शोधा. नुकताच ड्रायव्हर बदलला असेल तर आधीच्या आवृत्तीवर परत जा. ते बटण फिकट असेल तर ड्रायव्हर काढून टाका, आणि ड्रायव्हरची फाइलही पुसायच्या चौकटीत खूण करा. काढून ठेवलेला डोंगल यादीत दिसण्यासाठी 'लपलेली उपकरणं दाखवा' हा पर्याय निवडावा लागतो.

५. आता नेहमीसारखं सुरू करा. लॅनच्या तारेने किंवा फोन यूएसबीने जोडून इंटरनेट घ्या, आणि उत्पादकाच्या साइटवरून तुमच्या विंडोजच्या आवृत्तीला जुळणारा ड्रायव्हर उतरवा.

पडद्यावर नाव आलं नसेल तर विंडोजच्या फोल्डरमधलं 'मिनिडंप' बघा. तिथे प्रत्येक पडझडीची छोटी नोंद राहते. जपानी विंडोजमध्ये पत्त्यातल्या उलट्या तिरक्या रेघेच्या जागी येनचं चिन्ह दिसतं, गोंधळू नका. आणि डोंगल काढून सेफ मोडमध्येही संगणक कोसळत असेल, तर संशय वाय-फायवरून काढून स्मृती किंवा डिस्कवर न्या.

ही युक्ती फक्त घरगुती नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा प्रोग्रॅमच्या एका सदोष फाइलमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक असेच सुरू होताना कोसळू लागले आणि विमानतळांवर रांगा लागल्या. तो प्रोग्रॅमही कर्नेलच्याच पातळीवर चालणारा. उपाय तोच, सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढणे. बाकी माहिती जागच्या जागी होती.

वहिनींच्या घरी नवा ड्रायव्हर शोधायच्या आधी मी डोंगल उलटा करून पाहिला. त्यावर 'गितेकी'ची खूण नव्हती. गोलात विजेसारखी आकृती असलेली ही खूण म्हणजे उपकरण जपानच्या तांत्रिक नियमांत बसतं याचा दाखला. १९५० च्या रेडिओ कायद्यानुसार इथे राहणाऱ्यांनी ती नसलेलं वाय-फायचं उपकरण वापरणं हा गुन्हा ठरू शकतो. भारतातून आणलेला फोन, राउटर, डोंगल, सगळ्यांना हे लागू आहे. कधी कधी खूण उपकरणावर छापलेली नसून त्याच्या सेटिंगमध्ये दिसते, तिथेही बघा.

म्हणून तो डोंगल दिरांसोबत पुण्याला परत गेला. वहिनींनी खूण पाहून इथलाच नवा घेतला, आणि त्याआधी फोटोंची आणखी एक प्रत काढली. ती आता सासूबाईंकडे आहे.